हुशार मुलाला अडायला जागा हवी

मुलुंडच्या एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मुलगा सहावीत आहे. पाचवीत शिष्यवृत्ती मिळाली. वर्गात सगळ्यांच्या आधी गणितं संपवतो आणि मग शेजारच्यांना छळतो, बाईंच्या तक्रारी येतात. घरी 'कंटाळा आला' चालूच असतं. क्लासवाले म्हणतात होमी भाभा स्पर्धेला बसवा, ऑलिम्पियाडला बसवा, आतापासूनच आयआयटी फाउंडेशन लावा. सासरे म्हणतात शाळेत बोलून एक इयत्ता पुढे बसवा. नणंदेने बुद्ध्यांक चाचणी सुचवली आहे. धाकटी मुलगी दुसरीत आहे, पण 'ती साधीच आहे'. यातलं काय करायचं आणि पैसे नेमके कशावर घालवायचे?

ताई, मी गेली २४ वर्षं मुंबईत पाचवी ते आठवीच्या मुलांना गणित शिकवते आहे आणि बरीच वर्षं परळला शनिवारी अशाच मुलांचा एक गट घेते. तुमच्या प्रश्नाच्या आधी मला एक प्रश्न विचारू द्या. मुलाला अभ्यासात शेवटचं कधी अडलं होतं? म्हणजे चूक झाली, घाईत वजाबाकी चुकली, असं नाही. अर्धा तास बसला, जमलं नाही, चिडला, उठून गेला, आणि दुसऱ्या दिवशी आपणहून परत त्याच कागदावर येऊन बसला, असं कधी झालं?

हा प्रश्न मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पालकाला विचारते. बहुतेकांना आठवत नाही. आणि दुखणं तिथेच आहे. ज्या मुलाला पहिलीपासून काही अडलंच नाही, त्याला अडल्यावर काय करायचं हे शिकायला मिळालेलं नसतं. दहावीला ९५ टक्के मिळवून अकरावी सायन्सला गेलेली आणि पहिल्या दोन महिन्यांतच खचलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांची बुद्धी कुठे गेली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा अडलं, आणि 'मी हुशार नाहीच की काय' याच्या पलीकडे त्यांना दुसरा अर्थच सुचेना. म्हणून माझं सगळं उत्तर या एकाच गोष्टीभोवती आहे: आठवड्यातून एकदा तरी तुमच्या मुलाला खरोखर अडलं पाहिजे, आणि त्या वेळी त्याच्याजवळ असं कोणीतरी हवं ज्याला त्या अडण्यात रस आहे.

यात मी स्वतः काय चूक केली तेही सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत पाचवीच्या वर्गात एक मुलगा होता. स्वाध्यायातली दहा गणितं तो आठ मिनिटांत संपवायचा. मी म्हणायचे, "झालं? घे, ही अजून दहा." तीही व्हायची. दिवाळीनंतर तो सगळ्यांच्या बरोबरीने, तास संपताना वही द्यायला लागला. मला वाटलं, चला, शांत बसायला शिकला. पुढे एकदा त्याची आजी सहज बोलून गेली, "तो म्हणतो, लवकर केलं की बाई शिक्षा करतात." त्या दिवसापासून मी 'अजून दहा' कुणालाही दिली नाहीत. भरभर चालणाऱ्याला त्याच मैदानाला आणखी चार फेऱ्या मारायला लावायच्या नसतात, त्याला चढ द्यायचा असतो.

चढ म्हणजे काय, ते एका उदाहरणाने दाखवते.

आपल्या देवळालीच्या शाळेत शिकवणारे गणिती द. रा. कापरेकर तुम्हाला ठाऊक असतील. चार आकडी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं परत तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि तिथे थांबतं, कारण ६१७४ चं परत ६१७४ च येतं. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचता येतं. कापरेकरांनी हे १९४९ मध्ये शोधलं. शाळेतल्या वजाबाकीपलीकडचं काहीही त्याला लागत नाही.

शनिवारच्या गटात मी हे सांगितलं की मुलं खूश होतात, चार संख्या करून पाहतात आणि संपतं. ती फक्त गंमत झाली. म्हणून आता मी आधी ६१७४ सांगतच नाही. दोन अंकी संख्येपासून सुरू करते. सहावीतल्या एका मुलीने ५२ घेतली होती. ५२ वजा २५, सत्तावीस. ७२ वजा २७, पंचेचाळीस. ५४ वजा ४५, नऊ. इथे ती थांबली, कारण तिच्या मते संपलं होतं. मी म्हटलं, नऊला दोन अंकी लिही. ०९. मग ९० वजा ०९, एक्याऐंशी. ८१ वजा १८, त्रेसष्ट. ६३ वजा ३६, परत सत्तावीस. "बाई, हे फिरतंय!" दुसऱ्या कुठल्याही संख्येपासून सुरू केलं तरी त्याच पाच जणांच्या चक्रात जाऊन अडकतं (११, २२ असल्या सोडून). आणि मग तिनेच म्हटलं, "सगळे नऊच्या पाढ्यातले आहेत."

"का?" एवढंच मी विचारलं. त्या शनिवारी तिला सांगता आलं नाही. पुढच्या शनिवारी ती तीन पानं संख्या करून आली, पण 'का'ला उत्तर नव्हतं. मला सांगायचा मोह होत होता. दहाएक मिनिटांत फळ्यावर मांडता आलं असतं. सांगितलं नाही. तिसऱ्या शनिवारी ती डब्यातल्या शेंगदाण्यांनी मांडणी करत बसली आणि म्हणाली, दशकाच्या घरातला एक उचलून एककाच्या घरात ठेवला की दहाचा एक होतो, म्हणजे नऊ जातात. एककातला उचलून दशकात ठेवला की एकाचा दहा होतो, म्हणजे नऊ वाढतात. अदलाबदल करताना दर वेळी नऊच इकडे-तिकडे होतात, मग फरक नऊच्या पाढ्यातच येणार. बीजगणित तिने अजून पाहिलेलंही नव्हतं. वर्गात ती साठ-पासष्ट टक्क्यांची मुलगी होती. अक्षर गिचमिड, पाढे म्हणताना अडखळायची. तिला गटात घ्यायचं कुणी सुचवलंही नव्हतं, मैत्रिणीबरोबर आली होती.

आता तुमचे मुद्दे.

शाळेपासून सुरू करू, कारण दिवसाचे सहा तास तो तिथे असतो. बाईंकडे 'माझ्या मुलाला कंटाळा येतो' हे घेऊन जाऊ नका. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात शिकवणाऱ्या बाईंना त्यात 'तुमचं शिकवणं कंटाळवाणं आहे' एवढंच ऐकू येतं. त्याऐवजी एक छोटी, त्यांना सोपी जाणारी मागणी न्या. प्रकरण सुरू होण्याआधी तो त्याच्या शेवटचा सरावसंच सोडवून दाखवेल. दहातले नऊ बरोबर आले तर त्या प्रकरणात त्याने वहीत सगळी गणितं न लिहिता निवडक चार-पाचच लिहावीत आणि उरलेल्या वेळात मागच्या बाकावर स्वतःची प्रश्नवही काढावी. आले नाहीत, तर तो सगळ्यांबरोबर सगळी गणितं करेल. वह्या अपुऱ्या राहिल्या तर तपासणीत बाईंना बोलणी बसतात, म्हणून वहीत काय असेल आणि काय नसेल ते आधीच ठरवा आणि तुम्ही लिहून द्या. माझ्या अनुभवात असं नेमकं विचारलं तर दहातल्या सहा-सात बाई तयार होतात. आणि एक गोष्ट ठामपणे नको म्हणा: 'तुझं झालंय ना, मग मागच्या मुलांना शिकव.' कधीतरी ठीक आहे. रोज झालं तर तो बिनपगारी मदतनीस होतो आणि ती मुलंही त्याचा राग करायला लागतात.

प्रश्नवही म्हणजे साधी दोनशे पानी वही. तिच्यात उत्तरं नसतात, अडलेल्या गोष्टी असतात. माझ्या गटातल्या प्रत्येकाकडे असते.

इयत्ता पुढे ढकलण्याबद्दल. परदेशात यावर भरपूर अभ्यास झाला आहे आणि खरंच पुढे असलेल्या मुलांचं त्यात सहसा नुकसान होत नाही, उलट फायदाच होतो असं दिसतं. लोकांना वाटते तेवढी ती गोष्ट धोक्याची नाही. पण आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा वयानुसार इयत्ता या तत्त्वावर उभा आहे, आणि मुंबईतल्या शाळा दाखल्याच्या भानगडीत सहसा पडत नाहीत. तेवढी लढाई करण्यापेक्षा एकाच विषयात पुढे न्या. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर सातवी-आठवीची पुस्तकं फुकट मिळतात. पण तेही दुसऱ्या क्रमांकावर. आधी आहे त्याच इयत्तेत खोल जाऊ द्या. सहावीच्या अपूर्णांकांत महिनाभर बुडून राहण्याइतका मजकूर आहे. आठवीची सूत्रं पाठ असलेल्या आणि 'भागाकारात अपूर्णांक उलटा का करायचा' हे न सांगता येणाऱ्या मुलांची मला काळजी वाटते.

बुद्ध्यांक चाचणी. आत्ता नको, असं माझं मत आहे, आणि कारण सांगते. चाचणी खोटी असते असं नाही. बिने-कामत चाचणी डॉ. व्ही. व्ही. कामतांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली, १९३४ ची गोष्ट; ती आणि वेक्सलर चाचणीची भारतीय आवृत्ती मुंबईत सर्रास वापरतात. १३० च्या वर आकडा म्हणजे साधारण शंभरातली वरची दोन मुलं. पण १२८ आणि १३२ यांत फरक नसतो. मूल त्या दिवशी जेवलं होतं का, समोरच्या मॅडमशी मोकळं झालं का, यावर एवढं इकडे-तिकडे होतं. शिवाय जुन्या प्रमाणांवर तपासलं तर आकडा फुगून येतो, कारण दर पिढीला सरासरी वर सरकत गेली आहे. आणि वरचा आकडा पुढचं फार थोडं सांगतो. १९२१ मध्ये अमेरिकेत लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियातली दीड हजारांवर अतिबुद्धिमान मुलं चाचणीने निवडून त्यांचा आयुष्यभर मागोवा घेतला. त्या चाचणीत जे निवडले गेले नाहीत त्यांत विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ होते. दोघांना पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निवडलेल्यांपैकी एकालाही ते मिळालं नाही.

अमेरिकन शिक्षण-मानसशास्त्रज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये मांडलेली गोष्ट मला रोजच्या कामात जास्त उपयोगी पडते. सरासरीपेक्षा बरी क्षमता, सर्जनशीलता आणि एका कामाला चिकटून राहणं, ही तीन वर्तुळं जिथे एकमेकांत येतात तिथे प्रतिभा दिसते. त्यात तिसरं वर्तुळ महत्त्वाचं, आणि ते मूल एखाद्या कामात असतानाच दिसतं, चाचणीच्या खोलीत नाही. आपल्याकडे पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने १९६२ पासून बुद्धिमान मुलांसाठी शाळेबाहेर आणि मग शाळेतही काम उभं केलं. 'हुशार मुलांसाठी वेगळं काही कशाला' ही शंका मराठी समाजात तिथेच बरीचशी निकालात निघाली होती. मुंबईत मात्र आपण तो सगळा विषय परीक्षांच्या हवाली केला.

चाचणी कधी करायची? मूल तोंडी भन्नाट बोलतं, पण लिहायला बसलं की सगळं कोलमडतं. वाचताना ओळी गाळतं. 'हुशार आहे पण आळशी आहे' असं सगळे म्हणतात. तेव्हा जरूर करा. हुशारी आणि अध्ययन अक्षमता दोन्ही एकाच मुलात असू शकतात आणि एक दुसरीला झाकते. सायन आणि नायर रुग्णालयांत अध्ययन अक्षमतेची तपासणी होते, तिथल्या प्रमाणपत्रावर बोर्डाच्या सवलती मिळतात. रांग मोठी असते, पण जा. या मुलांचं आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण ती ना हुशारांच्या यादीत येतात ना मदतीच्या.

आता परीक्षा. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ १९८१ पासून घेतं, सहावी आणि नववीला. फॉर्म भरा. पण स्पर्धा नीट समजून घ्या: आधी लेखी, त्यातून निवडलेल्यांची प्रात्यक्षिक परीक्षा, आणि शेवटी छोटा कृती-संशोधन प्रकल्प आणि मुलाखत. त्या स्पर्धेचा जीव या शेवटच्या टप्प्यात आहे. क्लास मात्र लेखीसाठी जाड पुस्तकं पाठ करून घेतात, आणि मूल लेखीला गळलं की आईबाप म्हणतात पैसे वाया गेले. उलट करा. लेखीत निवड होवो न होवो, प्रकल्प करायचाच असं आधी ठरवा. लेखीची तयारी महिनाभर पुरे.

क्लासच्या बाबतीत मी स्पष्टच लिहिते. सहावीतल्या मुलाला आयआयटी फाउंडेशन नको. तिथे अडत नाही, तिथे वेग वाढतो. दीड मिनिटाला एक प्रश्न या सवयीचं मूल तीन शनिवार एका 'का'वर बसू शकत नाही. अबॅकसने तोंडी हिशेब भराभर होतात, तेवढंच. आवडत असेल तर करू दे. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी आणि करिअर सांगणारी जी चाचणी सोसायट्यांच्या हॉलमध्ये शिबिरं लावून विकली जाते, तिला शास्त्रीय आधार नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारं 'मिडब्रेन' तर सरळ फसवणूक आहे: नाकाजवळच्या फटीतून मूल बघतं आणि मोठ्यांना खूश करायला खोटं बोलायला शिकतं. त्यावर एक रुपयाही घालू नका.

पैसे लागत नाहीत असा खरा प्रकल्प कसा असतो, तो सांगते, कारण याच ठिकाणी पालकांना सगळ्यात कमी सुचतं. वरळी कोळीवाड्यातला एक सातवीतला मुलगा आमच्या गटात होता. त्याचे काका बोटीवर जायचे आणि भरतीची वेळ बोटांवर मोजायचे: तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. कोकणातही हाच हिशेब चालतो. मुलाने पौर्णिमेला करून पाहिलं: पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पण काका म्हणतात पुनवेला बाराच्या सुमाराला. मग चूक कुणाची? त्याने महिनाभर वर्तमानपत्रातल्या भरतीच्या वेळा कात्रणं काढून चिकटवल्या, रोजचा फरक मांडला. कधी चाळीस मिनिटं, कधी तासाच्या आसपास, सरासरी पन्नासच्या जरा खाली-वर. मग त्याला दिसलं की पंधरा तिथींत बारा तास पुढे सरकायचे, तर एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं येतात, पंचेचाळीस नाही. पाऊणपट नव्हे, चार-पंचमांश. काकांना दाखवलं. काका म्हणाले, "पाऊण डोक्यात होते, चार-पंचमांश बोटीवर कोण करणार?" हे ऐकून तो दोन दिवस गप्प होता, आणि मग त्याने वहीत लिहिलं की सोपं आणि जवळजवळ बरोबर हे अवघड आणि अचूकपेक्षा कधी कधी जास्त कामाचं असतं. सातवीतल्या मुलाने अंदाज आणि अचूकता यांच्याबद्दल हे स्वतःचं स्वतः लिहिलं होतं. नंतर त्याने पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीच्या तारखा आणि लोअर परळला पाणी तुंबल्याच्या बातम्या शेजारी शेजारी मांडल्या. तो तक्ता कोळीवाड्याच्या मंडळाने गणपतीत मंडपात लावला. शिक्षकांनी गुण देणं वेगळं आणि मंडपात उभ्या राहिलेल्या माणसांनी 'हे खरं का रे?' विचारणं वेगळं. या दुसऱ्या गोष्टीने मूल बदलतं.

तुमच्याकडे समुद्र नसेल, पण मुलुंडला रेल्वे आहे, मागे डोंगर आहे, नॅशनल पार्कची हद्द आहे. स्लो लोकलला प्रत्येक स्टेशनात किती सेकंद थांबावं लागतं आणि पावसात त्यात किती भर पडते, हा विषयही महिनाभर पुरेल. विषय मुलाने निवडायचा, एवढी एक अट. तुम्ही निवडलात तर तो तुमचा गृहपाठ होतो.

जाण्याच्या जागा या शहरात आहेत. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र सहलीत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. शाळेशिवाय, फक्त दोघांनी जा आणि एकाच दालनात दोन तास बसा. चुनाभट्टीची मराठी विज्ञान परिषद मराठीतून कार्यक्रम करते, आणि मराठीतून विचार करणाऱ्या मुलाला तिथे आपली भाषा विज्ञानाला पुरते हे कळतं, जे मला फार मोलाचं वाटतं. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून आहे. ऑलिम्पियाडचं काम तिथूनच चालतं, आणि त्यांच्या 'विज्ञान प्रतिभा' उपक्रमाचे अभ्यासघटक फुकट आहेत, जरा मोठ्या वर्गासाठी असले तरी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे (टीआयएफआर) लोक 'चाय अँड व्हाय' नावाने रविवारी गप्पा घेतात, जुहूला पृथ्वी थिएटरात आणि माटुंग्याला रुपारेलमध्ये. तिथे मुलांनी मोठ्या शास्त्रज्ञाला हात वर करून प्रश्न विचारलेले मी पाहिले आहेत. बाकी दादरचं मराठी ग्रंथसंग्रहालय आणि चर्नी रोडचं जवाहर बालभवन आपल्या पिढीला ठाऊकच आहे.

एक गोष्ट वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. सरकारी, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीत कुणी हुशार मूल असेल आणि पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल, तर एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा फॉर्म त्याच्याकडून भरून घ्या. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. घरकाम करणाऱ्या कितीतरी मावशींच्या मुलांना याची माहितीच नसते.

आता धाकटी. ताई, तुमच्या प्रश्नातलं मला सगळ्यात जास्त खुपलेलं वाक्य तेच आहे. दुसरीतल्या मुलीबद्दल 'साधीच' हे ठरवायला कोण बसलं होतं? मुंबईत हुशार म्हणजे गणितात पुढे, एवढाच अर्थ उरला आहे. सात वर्षांची मुलगी बाहुल्यांना तासभर न थांबता गोष्ट सांगते का, गणपतीच्या आरासीत कुठलं फूल कुठे हवं यावर हटून बसते का, घरात कोण कुणावर रागावलंय हे सगळ्यांच्या आधी ओळखते का? हे बघा. त्या वयात कल पाहायचा असतो, निकाल लावायचा नसतो. आणि दादाला 'हुशार' आणि तिला 'साधी' असे शब्द एकाच घरात फिरत राहिले तर दोघांचंही वाटोळं होतं: तिला प्रयत्न करावासा वाटत नाही आणि त्याला चूक करायची हिंमत होत नाही. सासऱ्यांनाही हे सांगा, शांतपणे.

कौतुकाबद्दल क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांचा १९९८ चा प्रसिद्ध प्रयोग पाचवीच्याच मुलांवर होता. एका गटाला 'किती हुशार आहेस' म्हटलं, दुसऱ्याला 'छान मेहनत घेतलीस'. मग सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली. हुशार म्हटलेली मुलं लवकर हरली, नंतरच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली, आणि आपले गुण दुसऱ्यांना सांगताना त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी वाढवून सांगितले. म्हणून मी गटात 'शाब्बास'च्या जागी 'कसं सुचलं?' विचारते. उत्तर द्यायला मुलाला मागे वळून स्वतःचा रस्ता बघावा लागतो.

आणि तो अजून अकरा वर्षांचा आहे. कृष्णविवरांवर तुमच्याशी वाद घालेल आणि कॅरममध्ये हरला की पाय आपटत रडेल. दोन्ही खरं आहे, दोन्ही एकाच मुलात आहे. पेपरात एक मार्क गेला म्हणून रात्री झोपत नसेल, सकाळी शाळेच्या वेळेलाच रोज पोट दुखत असेल, एकही मित्र नसेल, तर मात्र समुपदेशकाकडे जा, वाट बघू नका.

या रविवारी दुपारी, टीव्ही बंद करून, त्याच्यासमोर कोरा कागद ठेवा आणि दोन अंकी संख्येची ती वजाबाकी त्याला करू द्या. चक्र सापडायला त्याला दहा मिनिटं लागतील. मग 'का' विचारा आणि आत जाऊन चहा टाका. त्याने हाक मारली तर या, पण उत्तर सांगू नका, तुम्हाला माहीत असलं तरी. त्या दिवशी नाही जमलं तर कागद फ्रिजवर चिकटवून ठेवा. दोन अंकांचं 'का' सुटलं की तीन अंकी संख्यांचं काय होतं ते त्याला विचारा. त्याचं उत्तर मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही.